गोठ्यातली पाणसळ

थेडाची अट एकच होती, आणि ती तिने नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिसरा कप ओतता ओतता सांगितली.

"गाडीत मला नीट चहा मिळाला तर मी येईन. नीट म्हणजे बाकावर बसून, टेबलाशी, आपल्या गुलाबाच्या कपातून. मांडीवर थर्मास घेऊन नाही."

"आणि नाही जमलं तर?" तिच्या नवऱ्याने, आयलर्टने, विचारलं.

"तर गाडी हाब्बोला देऊन टाक."

हाब्बो त्यांचा शेजारी. तो त्याच टेबलाशी बसला होता. गायी विकून टाकल्यापासून तो घरामागच्या भट्टीत मासे धुरावर सुकवायचा आणि आठवडी बाजारात विकायचा. मासे न्यायला त्याला एक गाडी हवीच होती. त्याने बशीतला खडीसाखरेचा खडा उचलून कपात टाकला आणि म्हणाला, "बघ हं, मी काही बोललो नाही. विषय तुम्हीच काढलात."

गाडी होती ओनेकेनच्या बेकरीची. आयलर्टने ती, आणि तिच्याआधीच्या तिच्या दोन बहिणी, जन्मभर चालवल्या होत्या. पहाटे भट्टीशी पाव भरायचे, समुद्राच्या बांधाकडेने गावागणिक दुकानांत उतरवायचे आणि दुपारच्या जेवणाला परत यायचं. शेवटच्या गावात चर्चपाशी रस्ता दुभंगे. डावीकडचा घरी येई. सरळ जाणारा दक्षिणेकडे जाई, आणि तिथे महामार्गाची निळी पाटी होती. आयलर्टने ती पाटी रोज वाचली आणि रोज गाडी डावीकडे वळवली. म्हाताऱ्या ओनेकेनने भट्टी विझवली तेव्हा किल्ली आयलर्टच्या हातात ठेवली. म्हणाला, "ही दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही." गाडीला अजून राईच्या पावाचा वास होता. कितीही धुतली तरी तो जात नव्हता, आणि खरं सांगायचं तर आयलर्टने फार घासलंही नव्हतं.

त्याला त्या पाटीच्या पुढे जायचं होतं. एकट्याने नाही, थेडाबरोबर. मागे पलंग असलेल्या गाडीतून, सावकाश, जिथे अंधारेल तिथे झोपत. एवढीच त्याची इच्छा, पण ती बोलून दाखवायला त्याला सात-आठ वर्षं लागली होती.

थेडा मात्र लेअर शहराच्या बाजारापलीकडे राजीखुशीने कधी गेलेली नव्हती. त्यांच्या सपाट मुलखात उद्या यायचा पाहुणा आजच दिसतो, आणि तिला ते बरं वाटे. मुलगी गेशे लग्न होऊन हार्ट्झच्या डोंगरात राहायला गेली, तेव्हापासून दर वर्षी गेशेच आगगाडीने इकडे येई. थेडाला विचारलं की ती म्हणे, "तिकडच्या पाण्याला चहा चढत नाही." पाण्याचं कारण खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तर असं हे काम होतं. आयलर्टने ते हिवाळ्यात हाती घेतलं.

घर आणि गोठा एकाच छपराखाली. गोठा थेडाच्या वडिलांचा. शेवटची गाय जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण विटांची जमीन अजून स्वच्छ होती आणि दिवे चालू होते. आयलर्टने मधले दांडे काढले आणि गाडी आत घेतली, गायी उभ्या राहत तशीच, तोंड गव्हाणीकडे करून. थेडाने आधीच सांगून टाकलं, "पुरं झाल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही. मी पाहिलं की बोलेन, आणि मी बोलले की तू रडशील."

"मी कधी रडलोय?"

"आतल्या आत रडतोस. त्याने घर जास्त ओलं होतं."

आयलर्ट सुतार नव्हता. वाचनालयातून पुस्तकं आणून, प्रत्येक पान दोनदा वाचून, मग फळीला हात लावायचा, अशी त्याची रीत. हात लावला की वाटायचं, चुकलं. मोजलं की वाटायचं, मोजपट्टी चुकीची धरली. स्वतःच्या डोळ्यांवर तर त्याचा कधीच भरवसा नव्हता. पाव भरताना सुद्धा तो ट्रे बोटाने मोजायचा.

अशा माणसाला गोठ्याच्या खुंटीवर सासऱ्यांची पाणसळ सापडली. लाकडाच्या पट्टीत बसवलेली काचेची नळी, आत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. फळीवर ठेवा, बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की फळी सपाट. मत विचारायला नको, नजर लावायला नको. आयलर्टला एखादा शांत, विश्वासू मित्र भेटल्यासारखं झालं. त्याने पलंगाची चौकट पाणसळीने बसवली. ओटा पाणसळीने बसवला. दोन बाकं आणि मधलं टेबलही पाणसळीनेच. टेबलासाठी तर त्याने सगळं कौशल्य पणाला लावलं. पायाला डिंक, वर स्क्रू, खाली गाडीच्या तळातून आरपार बोल्ट. टेबल, ओटा आणि पलंग एकमेकांत असे अडकवले की एक काढायचं तर तिन्ही निघायला हवेत.

फेब्रुवारीत हाब्बो डोकावला.

"मोइन!" त्याने तिकडच्या रीतीने नमस्कार केला. "अरे, हे टेबल वाकडं दिसतंय."

"नाही."

"खिडकीच्या कडेशी लावून बघ ना. खिडकी एकीकडे चाललीय आणि टेबल दुसरीकडे."

"खिडकी वाकडी असेल. जुनी गाडी आहे."

"गाडी वाकडी आणि तू सरळ?"

"मी कशाला सरळ असेन," आयलर्ट म्हणाला. "बुडबुडा सरळ आहे." त्याने पाणसळ ठेवून दाखवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

हाब्बोने वाकून पाहिलं, डोळे बारीक केले आणि मान हलवली. "मग माझे डोळे गेले. बायको म्हणतेच."

वसंतात गाडी लेअरला तपासणीला गेली, कारण पावाच्या गाडीची राहायची गाडी झाली हे कागदावर यायला हवं होतं. तपासनिसाने पलंग दाबून पाहिला, चूल हलवून पाहिली आणि टेबल दोन्ही हातांनी धरून असं हिसकलं की सगळी गाडी डुलली. टेबल जागचं हललं नाही.

"उत्तम," तपासनीस म्हणाला.

"साहेब, सरळ आहे ना?" आयलर्टने विचारलं. न विचारून त्याला राहवतच नसे.

"ते नियमात नाही. टेबल घट्ट हवं, एवढंच नियमात आहे." आणि त्याने शिक्का मारला.

पहिल्या चहाचा मान थेडाचा. मे महिन्यातल्या रविवारी आयलर्टने गाडी बांधापाशी नेली. तिथली गाड्या लावायची जागा विटांची, पाटासारखी सपाट. वर बांधावर मेंढ्या चरत होत्या, पलीकडे ओहोटीचा चिखल चमकत होता. हाब्बोलाही बोलावलं होतं. "साक्षीदार लागतो," तो म्हणाला आणि बाकाच्या कोपऱ्यात बसला. थेडा कपांची पेटी मांडीवर घेऊन पहिल्यांदाच आत आली होती. तिने भिंतींवरून हात फिरवला, पलंगावर बसून पाहिलं आणि पडदे पाहून "हं" म्हणाली. थेडाचा "हं" म्हणजे दुसऱ्याचं कौतुकच. आयलर्टचे कान लाल झाले.

किटली उकळली. गुलाबाचे तीन कप मांडले गेले. खडीसाखरेवर चहा पडला आणि खडे कडकड तडकले. थेडाने छोट्या पळीने कपाच्या कडेकडेने साय सोडली. साय बुडाली आणि ढगासारखी वर आली, पण आली ती एका बाजूला. कपात चहा एका काठाशी वर होता, दुसऱ्या काठाशी खाली.

मग हाब्बोचा कप, बशीसकट, सावकाश, ड्रायव्हरच्या दिशेने निघाला.

"अरे अरे," हाब्बोने तो धरला. "माझा चहा तुमच्याआधीच प्रवासाला निघाला!"

थेडा हसली नाही. तिने आपला कप एका हाताने धरून ठेवला आणि शांतपणे संपवला. आयलर्ट पुन्हा ओतायला किटली उचलणार, एवढ्यात तिने बशीतला चमचा घेतला आणि कपात ठेवला.

त्या मुलखात चहा ढवळत नाहीत. चमच्याला एकच काम. पुरे झालं की तो कपात ठेवायचा, म्हणजे वाढणारा थांबतो. आणि तीन कपांआधी तो कुणी ठेवत नाही. भांडणात नाही, मयताला गेलं तरी नाही. हाब्बो चमच्याकडे पाहत राहिला आणि त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आयलर्टने पाणसळ आणली. टेबलावर ठेवली, तर बुडबुडा पळत एका टोकाला गेला. तो खाली उतरला, पाणसळ विटांवर ठेवली. बुडबुडा मधोमध. परत आत, पुन्हा टोकाला. तो पाणसळीकडे असा पाहू लागला की जणू जुन्या मित्राने भर चौकात ओळख दिली नाही.

"हिवाळाभर गाडी कुठे उभी होती?" थेडाने विचारलं.

"गोठ्यात."

"कशी?"

"गव्हाणीकडे तोंड करून."

"आणि गोठ्याची जमीन कशी असते, आयलर्ट?"

हाब्बोने कपाळावर असा हात मारला की बाहेर एक मेंढी दचकली. "उताराची! मूत मागे नालीत वाहून जावं म्हणून! अरे देवा, मी जन्मभर त्या उतारावरून शेण लोटलं, आणि तिथेच उभा राहून म्हणालो की माझे डोळे गेले!"

सगळा उलगडा त्यात होता. गोठ्यात गाडीची शेपटी खाली होती आणि नाक वर. आयलर्टने त्या कललेल्या गाडीत टेबल अगदी सपाट बसवलं होतं. आता गाडी सपाट उभी होती, म्हणून टेबल कललं होतं, आणि टेबलाबरोबर ओटा, आणि ओट्याबरोबर पलंग. त्या मुलखात जमीन सपाट असते हे कुणी तपासत नाही. समुद्र पाण्याचा असतो हे कुणी तपासतं का?

"मी एकदा जरी आत डोकावले असते," थेडा म्हणाली, "तर दारातूनच सांगितलं असतं. त्या जमिनीवर मी लहानपणी दूध काढलंय." ती रागावलेली नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"सोपं आहे," हाब्बो म्हणाला. त्याला गाडी हवी होती, पण मित्राचा चेहरा त्याला पाहवत नव्हता. "पुढच्या चाकांखाली फळ्या घाल. नाक वर आलं की झालं."

"चहा प्यायला मी फळीवर चढून बसू?" थेडा म्हणाली. "मी काय कोंबडी आहे?"

दुसऱ्या दिवशी आयलर्ट पान्हा घेऊन आत बसला. बोल्ट निघाले, डिंक निघेना. त्याने आयुष्यात एक गोष्ट पक्की केली होती आणि ती नेमकी चुकीची होती. टेबल काढायचं तर ओटा फुटणार, ओटा फुटला तर पलंग. तो पान्हा मांडीवर ठेवून बसून राहिला. गाडीत पावाचा वास येत होता. हाब्बो येऊन दारात रेंगाळला आणि छताकडे पाहू लागला.

"काय बघतोस?"

"काही नाही. मासे टांगायला आकडे कुठे बसतील ते."

"इथे बसतील," आयलर्ट म्हणाला आणि त्याला जागाही दाखवली. असा तो माणूस.

संध्याकाळी थेडा म्हणाली, "गेशेला मी फोनवर सांगून बसलेय की पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुट्टीत आम्ही येतोय. आगगाडीने इतके जॅमचे डबे न्यायचे कसे? एकदा जाऊन येऊ. मग दे हाब्बोला."

एकदा तर एकदा. आयलर्टने तेल बदललं, काचा पुसल्या. थेडाने जॅम, उशा आणि घरच्या पाण्याचा कॅन चढवला. कपांची पेटीही घेतली, पण ती टेबलाजवळ न ठेवता मांडीवरच धरली. पाणसळ त्याने बाकाच्या मागे सरकवून ठेवली. तिच्याकडे बघवत नव्हतं आणि टाकवतही नव्हती.

शेवटच्या गावात चर्च आलं. निळी पाटी आली. आयलर्टने डावीकडचा दिवा लावला.

"आयलर्ट," थेडा म्हणाली, "सरळ."

"हो की." दिवा टिकटिकत राहिला होता, तो त्याने बंद केला.

महामार्गावर आयलर्ट ट्रकच्या मागे ट्रकच्याच वेगाने जात होता आणि मनातून इतका सुखावला होता की त्याला स्वतःची लाज वाटली. दुपारी समोर आकाशाच्या कडेला निळसर काही उठलं.

"पाऊस येणार," थेडा म्हणाली.

"डोंगर आहेत ते."

थेडाने पेटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "इतके?"

गेशेचं घर एका चढाच्या गल्लीत. गल्ली वर जाता जाता अरुंद होत होती, आणि तिथे गाडी वळवायची आयलर्टची छाती झाली नाही. आली तशी त्याने ती घराच्या कुंपणापाशी थांबवली, नाक चढाकडे करून. पावाच्या फेरीत त्याने हाताचा ब्रेक जवळजवळ कधी लावला नव्हता. आता तो त्याने दोन्ही हातांनी ओढला, गियर घातला, आणि तरी थेडाला म्हणाला, "तू बसू नकोस. आधी मागच्या चाकाला दगड लाव." तिने दोन लावले.

गेशे दवाखान्यात नोकरीला. तिची पाळी संध्याकाळी संपायची. किल्ली फुलाच्या कुंडीखाली असल्याचं तिने कळवलं होतं, पण मुलगी घरी नसताना तिच्या घरात शिरणं थेडाला पटत नव्हतं. आणि घड्याळात चहाची वेळ झाली होती.

"एकच कप," थेडा म्हणाली. "तहानेपुरता."

आयलर्टने किटली ठेवली आणि बाकावर बसून खिडकीबाहेर पाहू लागला, म्हणजे टेबलाकडे पाहावं लागू नये. बाहेर गेशेच्या कुंपणावर कुणाचं तरी मांजर झोपलं होतं. त्याला खडीसाखर तडकल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. फार वेळ आला नाही.

त्याने वळून पाहिलं. थेडाने बांधापाशी धरला होता तसाच कप मुठीत धरून ठेवला होता, घसरू नये म्हणून. आता ती एक बोट सोडत होती. मग दुसरं. मग सगळा हात. कप जागच्या जागी होता. साय बुडाली, आणि कपाच्या मधोमध, सगळीकडून सारखी, ढगासारखी वर आली.

"आयलर्ट, तुझी ती पट्टी कुठेय?"

त्याने पाणसळ काढून टेबलावर ठेवली. बुडबुडा थोडा डगमगला, आणि दोन रेघांच्या मधे येऊन बसला.

"नाक वर, शेपटी खाली," थेडा म्हणाली. "बाबांची गाय उभी राहायची तशी." आणि ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. ती इतकी हसली की मांजर कुंपणावरून उतरून गेलं. आयलर्टला हसायचं होतं, पण त्याला भीती वाटत होती की आपण हसलो तर बुडबुडा सरकेल.

तिने कप संपवला. चमचा बशीतच राहिला. तिने स्वतःच किटली उचलून दुसरा ओतला. खिडकीतून खाली गावाची छपरं दिसत होती, एकाखाली एक, आणि दरीच्या तळाशी एक आगगाडी खेळण्यासारखी चालली होती.

"गेशे सांगायची तर वाटायचं, डोंगर म्हणजे समोर भिंत," थेडा म्हणाली. "इथून तर आपल्या बांधावरून दिसतं त्याहून लांब दिसतं."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"मला कुठून ठाऊक असणार? मी तर डावीकडे वळायचो."

तिसरा कप ओतला जात होता तेव्हा दार वाजलं. गेशे, दवाखान्याच्याच कपड्यांत, पायरीवर उभी राहून आत पाहत होती.

"आई? तू खरंच आलीस? आणि बाहेर काय बसलात, किल्ली ठेवली होती ना!"

"चहा चाललाय. ये, वाकून ये, डोकं आपटेल."

गेशे बाकावर सरकून बसली. तिला कप मिळाला. तिने टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, किती छान केलंय. फोनवर आई म्हणाली होती की फसलं, हाब्बोकाकांना द्यायचंय."

आयलर्ट थेडाच्या बशीतल्या चमच्याकडे पाहत होता. थेडाने आपला तिसरा कप शेवटच्या गोड घोटापर्यंत संपवला, जिथे साखर साचलेली असते. मग तिने चमचा उचलला आणि कपात ठेवला, जिथे आणि जेव्हा तो ठेवायचा असतो.

"हाब्बोला काय उपयोग?" ती म्हणाली. "त्याचा बाजार सपाट जागेवर भरतो. तराजू घसरेल त्याचा."

हाब्बोला हे सांगायचं काम आयलर्टवर आलं. त्याने ते परतल्यावर तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी हाब्बोच आला आणि म्हणाला, "मला कळलंय. थेडाने माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे आता गावाला कळलंय. मी एक जुनी दुधाची गाडी बघून ठेवलीय. पण ती नीट करताना माझ्या गोठ्यात ठेवणार नाही, एवढं लिहून देतो."

जूनमध्ये ते पुन्हा निघाले. या वेळी जॅमचं निमित्त नव्हतं. आयलर्टने मात्र मधल्या दिवसांत ओकच्या लाकडाच्या दोन पाचरी तासल्या होत्या, पुढच्या चाकांखाली घालायला. दोन्ही सारख्या व्हाव्यात म्हणून त्याने त्या कितीदा तरी एकमेकींशी लावून पाहिल्या होत्या. वाटेत कुठे सपाट जागी थांबावं लागलं तर असाव्यात. तो त्या मागच्या दाराशी ठेवत होता, तेव्हा थेडा कपांची पेटी घेऊन आली. पेटी तिने टेबलाखालच्या कप्प्यात ठेवली.

"हे काय?"

"पाचरी. सपाट जागेसाठी."

थेडाने एक उचलली, कडेवरून अंगठा फिरवला. "गुळगुळीत झाल्यात," ती म्हणाली. मग तिने दोन्ही उचलून नेल्या आणि गव्हाणीत ठेवून आली.

"अगं, लागल्या तर?"

"सपाट जागा आपल्याला घरी आहे," थेडा म्हणाली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. "चल. दार ओढून घे."